गाडीला शंभर दिवस हात लावू नका

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही मिनेसोटात ईगनला राहतो. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन साताऱ्याला ठरलंय, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं निघतोय. परत येऊ ते मार्चच्या मध्यावर. आमची 2015 ची टोयोटा कॅमरी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये राहील. गॅरेजला हीटर नाही. माझ्या बहिणीची मुलगी इथे शिकायला आली आहे, ती तेवढे दिवस आमच्याकडे राहणार आहे. गॅरेजच्या वरची खोली तिला दिली आहे. गाडीचं लायसन्स अजून नाही तिच्याकडे. ह्यांचं म्हणणं, तिने दर रविवारी गॅरेजचं दार उघडून दहा मिनिटं गाडी चालू ठेवावी, म्हणजे बॅटरी उतरणार नाही आणि इंजिन आखडणार नाही. शेजारचे आजोबा म्हणतात, गाडी सुरू करूच नका, जॅकवर चढवून ठेवा. आई फोनवर म्हणते, उंदरांसाठी गाडीत डांबरगोळ्या टाक. कुणाचं ऐकू?

उत्तर: बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक गोष्ट आधी. भाचीला गाडीची किल्ली देऊ नका. दार उघडं ठेवूनही नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. तुमच्या पत्रात "गॅरेजच्या वरची खोली तिची" हे वाक्य वाचलं आणि मी हातातली बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

गाडी थंड असताना तिचा धूर सगळ्यात विषारी असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड निवारणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेलं असतं खरं, पण ते चांगलं तापल्याशिवाय कामाला लागत नाही. मिनेसोटाच्या जानेवारीत गार पडलेलं इंजिन सुरू केलं की पहिली काही मिनिटं तो वायू जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो घरात जायला फार वाटा लागत नाहीत. मधल्या दाराखालची फट, विजेच्या तारांसाठी पाडलेली भोकं, छताच्या पाट्यांचे सांधे एवढ्या पुरतात. शिवाय हिवाळ्यात गरम घर खालची हवा वर ओढून घेत असतं, म्हणजे तिच्याच खोलीकडे. दार उघडं आहे म्हणून धूर बाहेरच जाईल असं नाही. वारा समोरून असला तर तो आतच कोंडतो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे मोजून पाहिलेलं आहे. गॅरेजचं मोठं दार सताड उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं चालू ठेवली, बाहेर काढली, तरी आतला कार्बन मोनॉक्साइड धोक्याच्या पातळीला गेला, आणि दहा तासांनंतरही तो तिथे मोजता येत होता. रविवारी सकाळी गाडी सुरू करून मुलगी वर जाऊन अभ्यासाला बसली, डोकं दुखायला लागलं, थंडीमुळे असेल म्हणून पांघरूण घेऊन झोपली, असं व्हायला नको.

मिनेसोटात झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा असा कायदाच आहे. तो तुमच्या घरी असणारच, पण त्याच्या मागे तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर बटण दाबल्यावर पीं पीं वाजला तरी त्याचा भरवसा धरू नका. निघण्याआधी तिच्या खोलीबाहेर नवा लावा आणि तो वाजला तर काय करायचं हे तिला तोंडी सांगा: तडक बाहेर पडायचं, कोट शोधत बसायचं नाही, बाहेरून 911 ला फोन करायचा.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे येते. त्यांची भीती खोटी नाही. आपण सगळे हेच ऐकत वाढलो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बॅटऱ्या उतरून गाड्या जागच्या जागी बसल्या, तेव्हाही जो तो एकमेकांना सांगत होता की दोन-चार दिवसांनी गाडी सुरू करून ठेवा. उघड्यावरचं पार्किंग, तीस-पस्तीस अंशांची हवा, इंजिन लगेच तापतं. तिथे तेवढं नुकसान होत नाही. पण तोच सल्ला ईगनच्या गॅरेजमध्ये आणला की उलटा बसतो.

पेट्रोल जळतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं, हे शाळेतल्या रसायनशास्त्रात आपण शिकलोय, फक्त गाडीशी त्याची सांगड कधी घातलेली नसते. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ एक लिटरच पाणी होतं, वाफेच्या रूपात. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. गारठलेल्या सकाळी पुढच्या गाडीच्या मागून पाणी टपकताना दिसतं ना, तेच हे. दहा मिनिटं उभ्या उभ्या चालवलेल्या गाडीचं इंजिन कसंबसं कोमट होतं, सायलेन्सरचं मागचं टोक तर गारच असतं. मग वाफ आतच थिजते. थोडी सायलेन्सरच्या पोटात साचून पत्रा आतून गंजवते, थोडी इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं, त्यातलं न जळलेलं ऑइलमध्येच झिरपतं. अशी गाडी हिवाळाभर कुणी "सांभाळली" असेल तर मला ते ऑइलचं झाकण उघडल्याबरोबर कळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला गार झालेल्या चहावरच्या सायीसारखा पिवळट थर बसलेला असतो. बोटावर घेतला तर चिकट नाही, मऊ लागतो. ते ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं असतं. शंभर दिवसांत चौदा-पंधरा रविवार येतात, म्हणजे तेवढ्या वेळा तुम्ही इंजिनात पाणी घालणार.

आणि बॅटरीचं म्हणाल तर ज्या बॅटरीसाठी हा सगळा खटाटोप, तिलाही यातून फारसं काही मिळत नाही. थंड बॅटरी चार्ज हळू घेते. सुरू करायला लागलेला जोर, त्यात हीटरचा पंखा, मागच्या काचेची जाळी, दिवे, हे सगळं धरलं तर दहा मिनिटांत जेमतेम हिशेब मिटतो. तेव्हा सुरू करू नका म्हणणारे शेजारचे आजोबा बरोबर आहेत. ते बहुतेक कितीतरी हिवाळे गाड्या ठेवत आले असतील.

बॅटरीचा खरा शत्रू वेगळा आहे. गाडी बंद असली तरी ती पूर्ण झोपत नाही. अलार्म, घड्याळ, किल्लीची वाट बघणारा रिमोटचा रिसीव्हर, असं काही ना काही जागं असतं आणि ते थोडी थोडी वीज खात राहतं, बहुतेक गाड्यांत वीस ते पन्नास मिलीअँपिअर. तीस धरा. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास झाले, शंभर दिवसांत सत्तरच्या वर. तुमच्यासारख्या गाडीची बॅटरी साधारण साठ अँपिअर-तासांची. म्हणजे तुम्ही साताऱ्यात असताना, फेब्रुवारी संपण्याच्या सुमाराला ती रिकामी. आणि रिकामी बॅटरी इथे नुसती उतरत नाही, गोठते. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल वजा पन्नास अंश सेल्सिअसलाही गोठत नाही, पण बॅटरी उतरते तसं ते आम्ल शिशाच्या पट्ट्यांत जाऊन बसतं, उरतं ते जवळपास पाणी. ते वजा सात-आठलाच गोठायला लागतं. तुमच्याकडे 30 जानेवारी 2019 ला मिनिआपोलिसला वजा 33 नोंदलं गेलं होतं. हीटर नसलेलं गॅरेज बाहेरच्यापेक्षा थोडं उबदार राहतं, पण एवढंही नाही. गोठलेल्या बॅटरीची पेटी फुगते, तडकते, आणि तशीच तिला चार्जर लावला तर स्फोट होऊ शकतो.

उपाय मात्र दहा मिनिटांचा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी बोनेट उघडा, दहाचा पाना घ्या आणि आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, ज्यावर वजाची खूण असते ते. फक्त तेवढंच सोडवलं तरी चालतं. ती तार बॅटरीपासून दूर वळवून तिच्या तोंडाला जुना सुती पायमोजा घालून ठेवा, म्हणजे ती चुकून परत टेकणार नाही. थंडीत बॅटरी आपणहून फार कमी उतरते. भरलेली बॅटरी अशी सोडवून ठेवली तर मार्चमध्ये ती तुम्हाला जवळपास तशीच मिळेल. मात्र आधी ती भरलेली आहे ना, हे बघा. गाडी बंद करून काही तास गेल्यावर मीटर लावला तर 12.6 व्होल्ट किंवा वर यायला हवं. 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या, आणि बॅटरी पाच वर्षांहून जुनी असेल तर नवीनच टाका. बाजारात कायम लावून ठेवायचे छोटे चार्जर मिळतात, तेही चांगले असतात. पण परदेशात असताना घरात एकटी मुलगी आणि गॅरेजमध्ये शंभर दिवस लावलेली वायर, यापेक्षा मला सोडवलेली तार बरी वाटते.

बॅटरी सोडवली की रिमोटने दार उघडणार नाही, हे आधीच लक्षात असू द्या. रिमोटच्या पोटात धातूची छोटी किल्ली असते, ती काढून ड्रायव्हरच्या दाराला एकदा लावून बघा. कित्येकांना ती आहे हेच माहीत नसतं.

आता मिठाबद्दल. माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. गेली 26 वर्षं मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या ब्रेकचं काम करते आहे, आणि थंडीने मेलेली गाडी मी क्वचित पाहिली. मिठाने खाल्लेल्या गाड्यांची मात्र गणती नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्याकडच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागलेलं असतं. नुसतं खडे मीठ नव्हे, जास्त थंडीत चालावं म्हणून त्याबरोबर मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. हे पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतात आणि कायम ओलसर राहतात. पावसाळ्यात कोकणातल्या घरात मिठाची बरणी कशी पाणावते, तसा थर गाडीच्या पोटाखाली चिकटून राहतो. रोज चालणारी गाडी निदान वाऱ्याने सुकते. शंभर दिवस उभी राहिलेली गाडी ते मीठ अंगावर घेऊन बसते, आणि मार्चमध्ये गॅरेज गरम व्हायला लागलं की गंज जोर धरतो.

म्हणून शेवटची फेरी नीट ठरवा. निघण्याआधी तुम्ही मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात जाणारच असाल. ईगनहून ती अर्ध्या तासापेक्षा जास्तीची, मोठ्या रस्त्याची वाट आहे, हेच हवंय. शक्यतो रस्ते कोरडे असलेला दिवस धरा. आधी टाकी पूर्ण भरा. तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणजे ओलही कमी. पेट्रोल टिकवणारं औषध, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, ते घालायचं असेल तर टाकी भरण्याआधी घाला, म्हणजे नीट मिसळेल. साडेतीन महिन्यांसाठी ते घातलंच पाहिजे असं नाही, पण पाच-सात डॉलरमध्ये काळजी मिटते. मग दर्शन घ्या आणि येताना घराच्या जवळचं, गाडीच्या खालून पाणी मारणारं कार वॉश गाठा. खालून धुतल्याशिवाय पैसे देऊ नका. धुऊन झालं की लगेच गॅरेजमध्ये घालू नका, अजून पंधरा-वीस मिनिटं फिरवा, मधूनमधून ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क (चाकांतल्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या) तापून सुकतील. मग गरम आणि कोरडी गाडी आत आणा. आतला गालिचा, पायपुसणी काढून घरात वाळवा, बुटांबरोबर आलेलं मीठ तिथेही मुरलेलं असतं.

ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर ते परत आल्यावर बदलू असं म्हणू नका, आधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओल असते, ती इंजिनच्या बेअरिंगांजवळ तीन महिने बसू नये. त्याच वेळी मेकॅनिकला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तपासायला सांगा. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण वजा 37 सेल्सिअसपर्यंत टिकतं. पण उन्हाळ्यात कुणी घाईत बाटलीतलं पाणी ओतलं असेल तर तो आकडा वर सरकतो, आणि इंजिनात पाणी गोठलं तर ब्लॉकलाच चीर जाते. काचेवर मारायच्या पाण्याचंही तसंच. मी अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात, पुण्याच्या सवयीने, त्या टाकीत नळाचं पाणी भरलं होतं. जानेवारीत ती टाकी खालून उभी चिरली. त्या पंपाचे आणि टाकीचे मिळून गेलेले पैसे तेव्हा मला फार जड गेले होते. तुमच्या टाकीत वजा 20 फॅरनहाइट किंवा त्याहून खालचा आकडा लिहिलेलं निळं पाणीच असू द्या, आणि भरल्यावर दोन-चारदा काचेवर मारा, म्हणजे नळीतलं जुनं पाणी निघून जाईल.

आता आत लावताना एक गोष्ट हमखास चुकते. तुमच्या गाडीला डाव्या पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक आहे. तो लावू नका. मागच्या चाकांत त्याचे लायनर, म्हणजे चाकाला घासून थांबवणारे पट्टे, असतात, ते ओलीने गंजून आत चिकटतात, आणि मार्चमध्ये गाडी हलायला तयार होत नाही. जोर केला की लायनर सुटून येतो. गाडी "पी" मध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, बस. ज्यांच्याकडे बटणाचा ब्रेक आहे त्यांनी गाडीचं पुस्तक बघावं. काही गाड्यांत इंजिन बंद केलं की तो आपोआप लागतो, आणि तो लागू न देण्याची रीत त्यात दिलेली असते. आणि बटणाच्या ब्रेकचं सगळं बॅटरी सोडवण्याच्या आधी करायचं.

टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, त्यापेक्षा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त, पण टायरच्या अंगावरच्या कमाल आकड्याच्या आत. थंडीत दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय हवा आपोआप उतरते, म्हणून ही सोय. जॅकवर चढवायचं मात्र काही कारण नाही. जुन्या नायलॉनच्या टायरांना उभं राहून सपाटी यायची, आजोबांनी तो काळ पाहिलेला असणार. आजच्या रेडियल टायरांना शंभर दिवसांत जी थोडी सपाटी येते ती पहिल्या पाच-दहा मैलांत, टायर तापले की जाते. उलट गाडी उंच लटकवली की सस्पेन्शनचे रबर ताणलेले राहतात. आणि घरात एकटी मुलगी असताना दीड टनाची गाडी स्टँडवर उभी करून जाणं मला मुळीच पटत नाही. आजोबांना सांगताना मात्र जपून सांगा, त्यांच्याच भरवशावर तुम्ही भाचीला सोडून जाताय.

उंदरांचं तुमच्या आईने बरोबर ओळखलंय, औषध तेवढं चुकीचं. डांबरगोळ्यांचा वास गादीत आणि एसीच्या नळ्यांत असा मुरतो की वर्षभर जात नाही, आणि तो श्वासातून घेणं चांगलंही नाही. उंदीर मात्र येतात, नक्की येतात. पेन्सिल शिरेल एवढी फट त्यांना पुरते. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या गाडीत मार्चमध्ये पंखा लावला की कुजका वास यायचा. डॅशबोर्डचा कप्पा काढून आतला हवेचा फिल्टर ओढला तर त्याच्यावर मुठीएवढं घरटं. सीटमधला कापूस, टिश्यूचे तुकडे, आणि मध्ये नीट रचलेले तांदळाचे दाणे. तांदूळ कुठून आला? गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पोत्यातून.

आपल्या लोकांच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात वीस पौंडांचं तांदळाचं पोतं आणि आट्याची पिशवी असतेच, थंडीत कीड लागत नाही म्हणून. ते यंदा घरात न्या, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पाखरांचं धान्य, गवताचं बी, कुत्र्याचं खाणं, तेही. गाडीच्या आतून शेंगदाणे, चिवड्याच्या पुड्या, लहान मुलांच्या सीटच्या फटीतली बिस्किटं, सगळं व्हॅक्यूमने ओढून काढा. गॅरेजच्या मोठ्या दाराखालचं रबर कुठे फाटलं असेल तर बदला. सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा बसवा आणि त्याला हातभर लाल कापडाची पट्टी बांधून बाहेर लोंबती ठेवा. आणि स्टीअरिंगवर कागद चिकटवा: "बोळा काढल्याशिवाय सुरू करू नका. बॅटरीची तार जोडायची आहे. हवा कमी करायची आहे." मार्चमध्ये वीस-बावीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला यातलं काही आठवत नाही.

भाचीला काही काम द्यायचंच असेल तर हे द्या. भिंतीच्या कडेने चार सापळे लावा आणि तिला आठवड्यातून एकदा गॅरेजचा दिवा लावून ते बघायला सांगा. हातमोजे घालूनच. लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूमही नाही. मिनेसोटातल्या रानउंदरांच्या लेंड्यांची धूळ नाकात जाणं घातक ठरू शकतं, त्यातून क्वचित हंटाव्हायरसचा आजार होऊ शकतो. एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी करून त्यावर शिंपडायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि कागदाने टिपून घ्यायचं. हे तिला नको वाटत असेल तर शेजारच्या आजोबांना विनवा.

बाकीचं थोडक्यात. झाकण घालायचं तर कापडी, हवा खेळेल असं. प्लास्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरतो. विमा बंद करू नका. कंपनीला फोन करून गाडी रस्त्यावर येणार नाही तेवढ्या काळापुरतं काय कमी करता येईल ते विचारा, पण चोरी, आग आणि उंदरांनी वायर कुरतडल्याची भरपाई ज्यात येते तो भाग राहू द्या. गाडीवर कर्ज असेल तर आधी कर्ज देणाऱ्याला विचारा. नंबरप्लेटवरचे टॅब, म्हणजे नोंदणीचे स्टिकर, कुठल्या महिन्यात संपतात तेही बघा.

ज्यांच्याकडे हायब्रिड आहे अशांचीही पत्रं आहेत, त्यांना दोन ओळी. मोठी बॅटरी असली तरी गाडी जागी करणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी वेगळीच असते आणि उतरते ती तीच. बऱ्याच हायब्रिडमध्ये ती डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते. डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती सोडवण्याआधी परत उघडायची कशी हे शोधून ठेवा. पूर्ण विजेची गाडी असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, तीच मर्यादा लावून, प्लगला जोडून ठेवणं बरं.

मार्चमध्ये परत आलात की त्याच दिवशी गाडीला हात लावू नका, झोप काढा. दुसऱ्या दिवशी उजेडात गॅरेजचं दार उघडून बोनेट उघडा. टॉर्च घेऊन वायरी कुरतडल्यात का, फिल्टरच्या पेटीत काही रचलंय का, खाली ऑइलचा किंवा कूलंटचा डाग आहे का ते बघा. बोळा काढा. मग तार जोडा. खिडक्यांची बटणं आणि घड्याळ पुन्हा लावावं लागेल, त्यात बिघडलं काही नाही. गाडी सुरू झाली की गॅरेजमध्ये थांबू नका, लगेच मागे घेऊन अंगणात आणा, दार बंद करा आणि तिथे मिनिटभर चालू ठेवा. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या आकड्याला आणा.

गल्लीतून पहिल्यांदा निघाल की ब्रेकमधून खर्रर असा आवाज येईल. डिस्कवर आलेला नारिंगी गंज पॅडने खरवडला जाण्याचा तो आवाज असतो. मागे कुणी नाही बघून, कमी वेगात पाच-सात वेळा हलके हलके ब्रेक दाबा. दोन-चार सिग्नलांनंतर आवाज जायला हवा. घरी आल्यावर चाकांच्या आरांतून डिस्ककडे बघा, ती पुन्हा चकचकीत दिसेल. अगदी कडेला गंजाची बारीक रेघ राहिली तर चालते. पण मधोमध काळपट पट्टा उरला असेल, किंवा ब्रेक दाबताना पायाला धडधड जाणवत असेल, तर आधी मेकॅनिकला दाखवा आणि एक फोटो काढून मलाही पाठवा.